वाचकांचे प्रश्न : तराजूचा पासंग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. लोकांना प्रश्न विचारून जी उत्तरे मिळतात त्यांवर कितपत विसंबावे, आणि ती एका बाजूला झुकलेली असतील तर काय करावे, असे या सर्वांचे विचारणे आहे. संख्याशास्त्रात अशा झुकलेल्या चुकीला ‘अभिनती’ म्हणतात. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील अडचण पुढच्या पत्रांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय किती रुजली आहे, हा माझा विषय आहे. सुदामा नगर, लोकमान्य नगर आणि रामबाग या भागांतील ३०० घरांत मी प्रश्नावली भरून घेतली. ‘तुम्ही रोज कचरा वेगळा करता का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने होकार दिला. मात्र काही घरांत पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत गेले, तेव्हा ओट्याखाली एकच बादली दिसली. नमुना वाढवून ६०० घरांचा केला तर आकडा खरा होईल का? की जमवलेली सगळी माहिती टाकून द्यावी?
— एक शोधछात्रा, इंदूर

उत्तर : नमुना वाढवून काहीही साधणार नाही आणि माहिती टाकून देण्याचीही गरज नाही. जुन्या किराणा दुकानातला तराजू आठवा. त्याला पासंग असेल, म्हणजे रिकामी पारडीसुद्धा सारखी राहत नसतील, तर तोच माल शंभर वेळा तोलूनही खरे वजन कळत नाही. उदाहरणापुरते समजू की ३०० घरांपैकी ८८ टक्के घरांनी होकार दिला. या आकड्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे दुसरी घरे निवडली असती तर तो साधारण किती हलला असता त्याचे माप, सुमारे १.९ टक्के येते आणि ६०० घरे घेतली तर ती १.३ टक्क्यांवर उतरते. ही त्रुटी केवळ निवडीतल्या योगायोगाची असते. लोकांनी वाढवून सांगितलेला भाग तिच्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे मोठा नमुना घेऊन आपण चुकीच्या आकड्याविषयी अधिक निःशंक होतो, आणि मला तर ही स्थिती आधीच्या शंकेपेक्षा वाईट वाटते.

हा पासंग कुठून आला, ते आधी पाहू. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचे नाव वर्षानुवर्षे पहिले येत राहिले आणि ही गोष्ट येथील माणसाच्या अभिमानाची झाली. सकाळी गाणे वाजवीत गल्लीत येणारी, वेगवेगळे कप्पे असलेली गाडी आता पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाते. अशा शहरात ‘तुम्ही कचरा वेगळा करता का?’ असे विचारले की समोरच्या काकूंना ‘तुम्ही चांगल्या इंदूरकर आहात ना?’ असेच ऐकू येते. चारचौघांत जे शोभते ते सांगण्याच्या या ओढीला ‘सामाजिक इष्टता’ म्हणतात. तिला खोटेपणा म्हणून मोकळे होऊ नका. ज्या घराने आठवड्यातून पाच दिवस कचरा वेगळा केला, त्याला आपण ‘रोज’ करतो असे मनापासून वाटत असते.

रॉजर टूरांजो यांनी १९८४ साली उत्तर देण्याच्या क्रियेचे चार टप्पे मांडले : प्रश्नाचा अर्थ लावणे, आठवणे, आठवलेल्या गोष्टींवरून अंदाज बांधणे, आणि तो अंदाज बोलण्याजोगा करून सांगणे. तुमच्या प्रश्नात चारही टप्प्यांवर निसरडे आहे. ‘वेगळा करणे’ म्हणजे घरात दोन डबे ठेवणे, की कामवाल्या बाईंनी गाडीपाशी पिशवी उलगडून निवडणे, की गाडीवरच्या माणसाने ते करणे? प्रश्नावली हे सांगत नाही, म्हणून प्रत्येक घर आपल्या सोयीचा अर्थ घेते. ‘रोज’ या शब्दाने माणूस दिवस आठवीतच नाही, आपल्याविषयीचे सर्वसाधारण मत तेवढे सांगतो. शेवटच्या टप्प्यावर तर तुम्ही वही घेऊन समोर बसलेल्या असता.

म्हणून सवय विचारू नका, घडलेली एक घटना विचारा. ‘काल गाडी आली तेव्हा तुमच्या घरून कचरा कोणी दिला? किती डबे किंवा पिशव्या दिल्या? कोणत्या डब्यात काय होते?’ कालची गोष्ट आठवते आणि तिच्यात शोभेला जागा कमी असते. त्याआधी एक वाक्य असे जोडावे की नकार देणाऱ्याला हलके वाटेल : ‘सकाळच्या घाईत पुष्कळ घरांत कधी कधी ओला-सुका कचरा एकत्रच जातो.’ घरातील प्रत्येक माणसाविषयी स्वतंत्र विचारणेही उपयोगी पडते. उघड्यावर शौचास जाण्याविषयीच्या भारतातील पाहण्यांत हा अनुभव आला आहे. संपूर्ण घराविषयी एकच प्रश्न विचारला तेव्हा जे झाकले गेले, ते एकेका व्यक्तीविषयी विचारल्यावर अधिक प्रमाणात बाहेर आले.

आता हाती असलेल्या ३०० घरांविषयी. त्यांतून चिठ्ठ्या टाकून ६० घरे निवडा. चिठ्ठ्या टाकूनच निवडा, कारण ओळखीची आणि हसतमुख घरे घेतली तर पासंगावर दुसरा पासंग चढेल. या घरांची परवानगी घेऊन गाडी येते त्या वेळी कोणत्या कप्प्यात काय पडते ते काही दिवस पाहा. पुढचे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, या ६० पैकी ५३ घरांनी होकार दिला होता आणि त्यांतल्या ३५ घरांत कचरा खरोखर वेगळा आढळला. नकार देणाऱ्या ७ घरांपैकी एका घरात तो वेगळा आढळला. पूर्ण नमुन्यात २६४ होकार आणि ३६ नकार आहेत असे धरू. मग २६४ ला ५३ पैकी ३५ या प्रमाणाने गुणले की सुमारे १७४ घरे येतात, ३६ ला ७ पैकी १ या प्रमाणाने गुणले की सुमारे ५ येतात, आणि बेरीज १७९ होते. ८८ टक्क्यांचा आकडा असा ६० टक्क्यांच्या जवळ येतो. त्याची प्रमाण त्रुटी अर्थातच मोठी असेल, कारण आता सगळा भार ६० घरांच्या निरीक्षणावर आहे. ती प्रबंधात स्पष्ट लिहा. या रीतीला दुहेरी नमुनानिवड म्हणतात आणि माझ्या मते तुमच्या विषयाला तीच सर्वांत योग्य आहे.

निरीक्षण तरी निर्दोष असते का? नसते. बांगलादेशातील खेड्यांत हात धुण्याच्या सवयीचा अभ्यास झाला, त्यात साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारे यंत्र बसवले होते. निरीक्षक घरात बसलेला असताना साबण एरवीपेक्षा अधिक वेळा हलला, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. म्हणून एकच दिवस न जाता काही दिवस जावे, पहिला दिवस हिशेबात धरू नये, आणि निरीक्षकाच्या हातात वही नसली तर अधिक बरे.

ज्या वागणुकीचे निरीक्षणच शक्य नसते तिच्यासाठी आणखी एक वाट आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली ‘यादृच्छिक उत्तर’ नावाची पद्धत मांडली. तिचा पुढे रूढ झालेला सोपा प्रकार सापशिडीच्या फाशाने करता येतो. प्रश्न असा ठेवा : ‘गेल्या सात दिवसांत तुमच्या घरून एकदा तरी ओला-सुका कचरा एकत्र गेला का?’ उत्तर देणाऱ्या काकू तुम्हाला न दाखवता फासा टाकतील. १ पडला तर त्यांनी ‘हो’ म्हणायचे, ६ पडला तर ‘नाही’ म्हणायचे आणि २ ते ५ पडले तरच खरे उत्तर द्यायचे. एखाद्या घराचा ‘हो’ खरा आहे की फाशाने म्हणवला आहे, हे तुम्हाला कधीच कळत नाही आणि काकूंनाही हे ठाऊक असते. समूहाचा हिशेब मात्र निघतो. समजा ३०० पैकी १३० जणींनी ‘हो’ म्हटले, म्हणजे ४३.३ टक्के. सहापैकी एकदा १ पडतो, म्हणून सर्व जणींपैकी १६.७ टक्क्यांचा ‘हो’ फाशाचा. तो वजा केल्यावर उरलेल्या २६.७ ला दोन-तृतीयांशाने (खरे उत्तर सहापैकी चार वेळा मिळते म्हणून) भागले की ४० टक्के हे उत्तर मिळते.

या झाकपाकीची किंमत मोजावी लागते. थेट विचारून सर्वांनी खरे सांगितले असते तर प्रमाण त्रुटी २.८ टक्के आली असती, ती येथे ४.३ टक्के येते. तेवढीच अचूकता हवी असेल तर सुमारे ६९० घरे लागतील. शिवाय फाशाने ‘हो’ म्हणायला सांगितले तरी काही जण ‘नाही’च म्हणतात, कारण न केलेल्या गोष्टीची कबुली त्यांच्या तोंडून निघत नाही. म्हणून आधी ‘तुम्ही आज चहा घेतला का?’ अशा निरुपद्रवी प्रश्नावर दोन-तीन वेळा फासा टाकून घ्यावा आणि खेळ कळला आहे याची खात्री झाल्यावरच खऱ्या प्रश्नाकडे वळावे.

एक गोष्ट सर्वांत काळजीपूर्वक तपासा. सर्व घरांनी सारख्याच प्रमाणात वाढवून सांगितले असेल तर एकूण टक्केवारी चुकेल, पण दोन वस्त्यांच्या तुलनेला फारसा धक्का बसणार नाही. वाढवून सांगण्याचे प्रमाणच वस्तीनुसार किंवा शिक्षणानुसार बदलत असेल तर मात्र तुलनाही खोटी ठरते. जास्त शिकलेल्या घरांना ‘योग्य’ उत्तर कोणते ते अधिक चांगले ठाऊक असते, म्हणून ‘शिक्षणाने वर्गीकरण वाढते’ हा निष्कर्ष कदाचित फक्त उत्तर देण्याच्या चतुराईचा असेल. ६० घरांची विभागणी तिन्ही भागांत करा आणि प्रत्येक भागाचा पासंग वेगळा काढून पाहा.

प्रश्न : मी विजय नगरमधील एका खाजगी कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करतो आणि व्यवस्थापनाचा प्रबंध लिहीत आहे. नोकरीतील समाधान आणि संस्थेविषयीची निष्ठा या दोन्हींची विधाने एकाच प्रश्नावलीत होती. क्रोनबाख अल्फा दोन्हींचा ०.९ च्या वर आहे. हर्मनच्या एक-घटक कसोटीत पहिला घटक ५० टक्क्यांच्या खाली आला, म्हणून अभिनती नाही असे लिहावे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. ते पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही, आणि हे तुमच्या मार्गदर्शकांविषयी पूर्ण आदर राखून लिहिते, कारण ही समजूत फार दूरवर पसरलेली आहे. ली क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा एवढेच सांगतो की तुमची विधाने एकमेकांशी सुसंगत आहेत. पासंग असलेला तराजूही प्रत्येक वेळी सारखेच चुकतो, म्हणजे सुसंगतच असतो. एखाद्या गटाने प्रत्येक विधानापुढे ‘सहमत’ असेच लिहिले तर अल्फा उलट वाढतो. हर्मनची कसोटी सगळ्या विधानांच्या उत्तरांतला बहुतेक फरक एकाच घटकात गोळा होतो का एवढेच पाहते, म्हणून अतिशय ढोबळ अभिनती असली तरच ती धोक्याची सूचना देते. तिने अभिनती दूर होत नाही आणि ती नाही हेही सिद्ध होत नाही. पॉडसाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ मधील बहुचर्चित लेखात हे स्वच्छ मांडलेले आहे.

तुमची खरी अडचण अशी की दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच मनःस्थितीत आणि एकाच प्रकारच्या पाच चौकटींत भरल्या आहेत. त्या दिवशी बोनसची बातमी आली असेल तर समाधानही वर जाईल आणि निष्ठाही. त्यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन्ही मापे बरोबरीने वर-खाली होण्याचे प्रमाण, मग काही अंशी त्या दुपारचा असतो. डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ सालीच सुचवले होते की एक गुण किमान दोन वेगळ्या पद्धतींनी मोजावा, म्हणजे गुणाचा भाग कोणता आणि पद्धतीचा कोणता हे वेगळे करता येते. तुमच्या बाबतीत समाधान कर्मचाऱ्याला विचारा आणि निष्ठेचे काही माप हजेरीपटावरून किंवा राजीनाम्यांच्या नोंदीवरून घ्या. ते जमत नसेल तर एका छोट्या गटाला निष्ठेची विधाने पंधरा दिवसांनी पुन्हा द्या. विषयाशी काहीही संबंध नसलेला एखादा गुण, उदाहरणार्थ प्रवासाची आवड, त्याच प्रश्नावलीत ठेवला तर तोही उपयोगी पडतो. त्याचा निष्ठेशी जेवढा सहसंबंध येईल तेवढा केवळ पद्धतीमुळे आला, असे मानण्याची रीत २००१ पासून रूढ आहे.

आणखी एक गोष्ट प्रबंधांत क्वचितच लिहिली जाते. समान पद्धतीने सहसंबंध फुगतो, पण यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने कधी इकडे तर कधी तिकडे पडणाऱ्या चुकीने तो आकसतो. हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली दाखवले. दोन मापांची विश्वसनीयता (अशा चुकीपासून पूर्ण मुक्त मापाची ती १ असते) ०.७ आणि ०.८ असेल तर खरा ०.५० चा सहसंबंध हाती येताना ०.३७ दिसतो. दोन्ही ओढी एकाच वेळी काम करीत असल्याने तुमचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा आहे की लहान, हे कागदावर बसून कळणार नाही.

राहिला एक नाजूक मुद्दा. प्रश्नावली मनुष्यबळ विभागाच्याच माणसाने वाटली आहे. वर नाव लिहू नये अशी सूचना असली तरी विभाग, वय आणि रुजू झाल्याचे वर्ष विचारले की माणूस ओळखू येतो, आणि कर्मचाऱ्यांनाही ते कळते. पुढच्या वेळी हे काम बाहेरच्या कोणाकडून करवून घ्या आणि भरलेले कागद बंद पेटीत टाकायला सांगा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने ज्येष्ठांच्या आरोग्याची पाहणी ठरवली आहे. हिंदी प्रश्नावलीचे आम्ही मराठीत भाषांतर केले, दुसऱ्या एका ताईंनी ते पुन्हा हिंदीत आणले आणि दोन्ही हिंदी प्रती जुळल्या. आता भाषांतर पक्के समजावे का?

उत्तर : उलट भाषांतराची ही रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली रूढ केली आणि ढोबळ चुका पकडायला ती चांगली आहे. पण दोन शिकलेल्या बायकांच्या हातून ‘रक्तचाप’चा ‘रक्तदाब’ आणि पुन्हा ‘रक्तचाप’ असा प्रवास बिनचूक होतो, तरी मल्हारगंजातल्या आजी त्याला ‘बीपी’च म्हणत असतात. इंदूरच्या मराठी घरांत आजारांची आणि सरकारी कामांची नावे पुष्कळदा हिंदी किंवा इंग्रजी असतात. घरातल्या नात्यांची आणि स्वयंपाकाची नावे मराठी राहिलेली आहेत. शुद्ध मराठी प्रश्नावली अशा घरात परकी वाटते आणि न कळलेल्या प्रश्नाला आजी विनयाने ‘हो’ म्हणून जातात. म्हणून आठ-दहा ज्येष्ठांकडे जाऊन प्रत्येक प्रश्नानंतर ‘आजी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं’ असे म्हणा. या एका दुपारने उलट भाषांतराच्या आठवड्यापेक्षा अधिक चुका सापडतील.

नकारार्थी प्रश्नांविषयी विशेष लिहिते, कारण मराठीत ते फार फसवे आहेत. ‘तुम्ही गोळ्या चुकवत नाही ना?’ असे विचारले की एक आजोबा ‘हो’ म्हणतात, म्हणजे ‘हो, चुकवत नाही’. दुसरे ‘नाही’ म्हणतात, म्हणजेही ‘नाही, चुकवत नाही’. अर्थ एकच, पण कागदावर दोन वेगळ्या चौकटींत खुणा पडतात. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पाहणीत अशाच एका प्रश्नाची संपूर्ण रकाना भरलेली उत्तरे मला बाजूला काढून ठेवावी लागली होती. तो प्रश्न मीच लिहिला होता, आणि त्या घरांनी दिलेला वेळ मी वाया घालवला याचे वाईट आजही वाटते. ‘ना’ने संपणारा प्रश्न तर उत्तर सुचवूनच येतो. त्याऐवजी विचारा : ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी घ्यायची राहून गेली?’

पाच पातळ्यांची सहमती-असहमती ज्येष्ठांना एकदम वाचून दाखवू नका. आधी ‘पटतं की नाही पटत?’ विचारा आणि मग ‘थोडं की पूर्ण?’ असे दोन पायऱ्यांत घ्या. आणि प्रत्येक कागदावर एक छोटी चौकट ठेवा : उत्तर देताना खोलीत आणखी कोण होते. सून समोर असताना ‘जेवण वेळेवर मिळतं का?’ याचे उत्तर आणि एकट्याने दिलेले उत्तर सारखे असेलच असे नाही. ही चौकट भरलेली असली तर निदान नंतर दोन्ही गट वेगळे पाहता येतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांकडून घरखर्चाची पाहणी करवून घ्यायची आहे. खर्च गेल्या आठवड्याचा विचारावा की महिन्याचा?

उत्तर : हा वाद आपल्या देशात फार जुना आहे आणि त्याचा इतिहास विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे काम १९५० मध्ये सुरू झाले. त्यानंतर थोड्याच काळात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि एस. बी. सेन यांनी बंगालमध्ये आठवड्याची आठवण, महिन्याची आठवण आणि प्रत्यक्ष मोजमाप यांची तुलना करून पाहिली. आठवड्याच्या प्रश्नाने खप अधिक दिसला आणि प्रत्यक्ष मोजमापाच्या जवळ महिन्याचा आकडा होता, म्हणून ३० दिवसांची पद्धत पुढे दीर्घकाळ चालली. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत मात्र खाद्यपदार्थांसाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न त्याच घरांना शेजारच्या रकान्यांत विचारले गेले. माणूस एक आकडा सांगितल्यावर दुसरा त्याच्याशी जुळवून सांगतो. त्यामुळे त्या फेरीतील गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करण्याजोगे आहेत का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतील एवढ्याशा बदलाने देशाच्या गरिबीचा आकडा हलू शकतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले पाहिजे.

आठवड्याचा आकडा फुगतो त्याचे एक कारण असे की दहा दिवसांपूर्वीचा मोठा खर्च ‘परवाच तर झाला’ असे वाटून आत ओढला जातो. नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४ साली घरदुरुस्तीच्या खर्चावर याचा अभ्यास केला. त्यांचा उपाय असा की त्याच घरी दोनदा जावे आणि पहिल्या भेटीत सांगितलेला खर्च दुसऱ्या भेटीत वाचून दाखवावा, म्हणजे तो पुन्हा मोजला जात नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल. दुसऱ्या भेटीला ‘मी मागच्या शनिवारी आलो होतो, त्यानंतरचे सांगा’ असे म्हटले की पहिली भेटच कुंपण होते.

दूध, भाजी, शेव आणि पोहे यांसारख्या रोजच्या वस्तूंना आठवडा, किराणा आणि गॅसला महिना, कपडे आणि फी यांना वर्ष, असे वस्तूप्रमाणे ठेवा, पण एका घराला एका वस्तूसाठी एकच कालावधी द्या. दोन्ही पाहायचे असतील तर अर्ध्या घरांना एक आणि अर्ध्यांना दुसरा, चिठ्ठ्या टाकून. आठवणीला खुंटी म्हणून रंगपंचमीची गेर (रंग उधळीत निघणारी मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीची मिरवणूक सांगणे चांगले, मात्र प्रत्यक्ष सणाचा आठवडा पाहणीसाठी निवडू नका. त्या आठवड्याच्या खर्चाला चार किंवा बावन्नने गुणून काढलेले आकडे घराचे नसतात, सणाचे असतात.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या यादीत ६०, ६५, ७० आणि ७५ वयाचे सभासद फार दिसतात. ६१, ६७ किंवा ७३ वयाचे मात्र अगदी थोडे. ही नोंद करणाऱ्याची चूक आहे का?

उत्तर : नोंद करणाऱ्याची चूक असेलच असे नाही. वय विचारले की माणूस शून्याने किंवा पाचाने संपणारा आकडा सांगतो आणि भारताच्या जनगणनेतही हे शतकभराहून अधिक काळ दिसत आले आहे. ते मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात : २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी ज्यांचे वय ० किंवा ५ ने संपते त्यांची संख्या पाचाने गुणावी, त्या वयोगटातील एकूण संख्येने भागावे आणि १०० ने गुणावे. उत्तर १०० आले तर गोल आकड्यांवर वये गोळा होण्याचा दोष नाही, ५०० आले तर प्रत्येकाने गोल आकडाच सांगितला. तुमची यादी ज्येष्ठांची असल्याने वयोगट बदलून, उदाहरणार्थ ६३ ते ८२, हाच हिशेब करता येईल, कारण त्यातही प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो.

पुढच्या वेळी वय न विचारता जन्मवर्ष विचारा, आणि जन्मवर्ष आठवत नसेल तर घटनेशी जोडा. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आले आणि होळकर संस्थान त्यात गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला. ‘मध्य प्रदेश झाला तेव्हा तुम्ही शाळेत जात होता का? कोणत्या इयत्तेत?’ एवढ्या दोन प्रश्नांनी सर्वांत वयस्कर सभासदांचे वय एखाद-दोन वर्षांच्या आत येते. शाळेचा दाखला किंवा आधार कार्ड पाहिले असेल तर तशी खूण वयाशेजारी करा आणि ज्यांचे वय केवळ अंदाजाने लिहिले त्यांच्यापुढे ‘अं.’ लिहा, म्हणजे यादी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला कोणता आकडा कितपत धरायचा ते कळेल.